पान चौऱ्याऐंशीवरचा खालचा अर्धा

शाळेची पुस्तकं छापणाऱ्या त्या कार्यालयात तिसऱ्या मजल्यावर आकृती विभाग आहे. विभाग म्हणजे एक लांबट खोली. पूर्वी तिथे सहा तिरकी टेबलं होती, सहा माणसं होती आणि शाईचा वास होता. आता एक टेबल, एक संगणक आणि एक बाई उरली आहे. तिला सगळे आकृतीबाई म्हणतात. गणिताच्या पुस्तकात जिथे जिथे आलेख दिसतो, तो गेली चौतीस वर्षं तिच्या हातचा असतो. पुस्तकावर तिचं नाव कुठेच नाही आणि त्याबद्दल तिची तक्रारही नाही. तिची तक्रार जिन्याबद्दल आहे. बासष्ट पायऱ्या, आणि दोन्ही गुडघे कुरकुरतात.

तिच्या निवृत्तीला एकवीस दिवस उरले होते, तेव्हाची ही गोष्ट.

बाईंचं स्वतःचं गणित शाळेपुरतंच. पुढे चित्रकलेची पदविका केली आणि या नोकरीत लागल्या. समीकरण सोडवायला त्यांना वेळ लागतो, पण ते नुसतं बघून रेघ कुठून निघेल आणि कुठे वळेल हे त्या सांगू शकतात. केवल मूल्य, म्हणजे चिन्ह सोडून नुसतं शून्यापासूनचं अंतर, दिसलं की इंग्रजी व्हीसारखा कोन, टोक खाली, दोन्ही बाजू सारख्या. वर्गमूळ दिसलं की एका बिंदूतून निघालेला, आधी चटकन चढणारा आणि मग दमून आडवा होत जाणारा अर्धा वक्र. त्यांची पद्धत साधी: किंमत घालायची, काय येतं ते लिहायचं, बिंदू मांडायचे, बिंदू जोडायचे. पूर्वी हे आधी आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने होई. मग त्यावर पारदर्शक कागद ठेवून वक्रपट्टीच्या आधाराने काळ्या शाईने गिरवायचं. ती शाई रबराने जात नाही. चुकलं तर दाढीच्या पात्याच्या कोपऱ्याने खरवडायची आणि मग नखाने कागद घासून गुळगुळीत करायचा. बाईंच्या उजव्या अंगठ्याचं नख त्यामुळे कायमचं चपटं झालं आहे.

खोलीच्या दारावर एक जुनी पाटी आहे: आकृती उत्तराला धरून असावी. फार पूर्वी एका त्रिकोणाचा कोन आकृतीत पन्नास आणि उत्तरात पंचावन्न छापला गेला होता. सगळी छपाई थांबली, वरपर्यंत बोभाटा झाला आणि तेव्हाच्या मुख्याधिकाऱ्यांनी ही पाटी लावून घेतली. म्हणजे वाद झाला तर आकृतीने माघार घ्यायची.

अकरा वर्षांपूर्वी पान चौऱ्याऐंशीवरची आकृती याच पाटीखाली काढली गेली. समीकरण असं होतं: क्ष अधिक तीन यांचं वर्गमूळ बरोबर क्ष वजा तीन. पुस्तकाचे लेखक म्हणजे सर. त्यांनी ते आधी बीजगणिताने सोडवून दाखवलं होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘हेच आलेखाने पडताळू.’ उत्तर दिलं होतं एक आणि सहा.

बाईंनी नेहमीप्रमाणे किमती घातल्या. उणे तीनला शून्य, उणे दोनला एक, एकला दोन, सहाला तीन. झाला वक्र. रेघ तर सरळच होती, शून्याला उणे तीन, तीनला शून्य, सहाला तीन. दोघांची गाठ पडली सहावर. तिथून मागे दोघं लांब लांब गेले ते पुन्हा जवळ आलेच नाहीत. एकच्या जागी वक्र दोन घरं वर होता आणि रेघ दोन घरं खाली.

त्या कागद घेऊन तेव्हाच्या संपादकांकडे गेल्या.

“साहेब, उत्तरं दोन आहेत आणि हे एकदाच छेदतंय.”

“मग दोनदा छेदवा.”

“सरांना विचारू का?”

“सर मुलीकडे गेलेत, महिन्याने येतील. खाली छापखान्याची गाडी उभी आहे. बाई, तुमच्या दारावर पाटी आहे ना? ती वाचा.”

त्या परत येऊन टेबलाशी बसल्या. बघता बघता त्यांच्या लक्षात आलं, की एकच्या जागी वक्र जितका वर आहे तितकीच रेघ खाली आहे. वक्राचं प्रतिबिंब खाली पाडलं, जणू आडव्या अक्षाच्या जागी आरसा ठेवला, तर रेघ त्याला बरोबर एकवर छेदेल. त्यांनी खालचा अर्धा जोडून पाहिला. छेदली. एका केसाचाही फरक नाही. इतकं नेमकं बसलं की घटकाभर त्यांना वाटलं, हेच खरं असावं, आपणच अर्धं विसरलो होतो. मग आकृती खाली गेली, गाडी गेली, पुस्तक झालं.

पण हात फसला तरी डोळा फसत नव्हता. वर्गमूळ उणे येत नाही, म्हणून त्याचा वक्र आडव्या अक्षाच्या खाली उतरत नाही. हे त्यांनी शेकडो वेळा काढलं होतं. खालचा अर्धा समीकरणात कुठेच नव्हता, तो फक्त पाटीत होता.

दोन वर्षांनी एका शिक्षिकेचं पत्र आलं. तिने लिहिलं होतं, ‘माझ्या वर्गातल्या एका मुलीने परीक्षेत उत्तर फक्त सहा लिहिलं. मी एक गुण कापला. तिने आलेख काढून आणला, तिच्या आलेखात एकच छेद आहे, पुस्तकात दोन. कृपया कळवावे, कोण बरोबर?’ पत्र फिरत फिरत आकृती विभागात आलं. पंधरा दिवसांत उत्तर द्यायचा दंडक होता. बाईंनी चौदाव्या दिवशी एका ओळीचं उत्तर टंकून घेतलं: ‘आकृती उत्तरास अनुसरून आहे.’ एक शब्द खोटा नव्हता. मूळ पत्र त्यांनी वक्रपट्ट्यांच्या खणात तळाला ठेवलं. नऊ वर्षं ते तिथेच होतं. पट्टी काढताना त्याचा कोपरा बोटाला लागायचा.

आता पुस्तकाची नवी आवृत्ती निघणार होती आणि जुन्या एकशे बारा आकृत्या संगणकावर पुन्हा काढायच्या होत्या. बाई दिवसाला आठ-नऊ काढत होत्या. यात कौशल्य काही नव्हतं. समीकरण टंकायचं, कळ दाबायची, आकृती तयार. पान चौऱ्याऐंशी आलं तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते आणि त्यांच्या मानेला रग लागली होती. त्यांनी समीकरण टंकलं, कळ दाबली. पडद्यावर अर्धाच वक्र आला आणि रेघ त्याला एकदाच छेदून गेली.

यंत्राला पाटी माहीत नव्हती. खालचा अर्धा हवा असेल तर तो वेगळा, उणे चिन्ह देऊन, मुद्दाम टंकायला लागणार होता. एका मिनिटाचं काम. बाई बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. मग त्यांनी संगणक बंद केला आणि बासष्ट पायऱ्या उतरून घरी गेल्या.

घर म्हणजे कार्यालयाच्याच आवारातल्या दोन खोल्या, तळमजल्यावर. नवरा याच कार्यालयात मुद्रितशोधक होता. म्हणजे छपाईआधी मजकूर वाचून चुका काढायच्या. बाईंच्या एका आकृतीतलं उलटं छापलेलं अक्षर त्याने पकडलं, त्यावरून भांडण झालं आणि त्या भांडणाचं पुढे लग्न झालं. जन्मभर बारीक अक्षरं वाचलेल्या त्या डोळ्यांना आता फक्त उजेड आणि काळोख कळतो. तरी या दोन खोल्यांत तो कुणाचा हात धरत नाही. सगळं पावलांवर आहे. पलंगापासून दार पाच, दारापासून मोरी चार, मोरीपासून ओटा तीन. सुरुवातीला एकदा तो पलंगावरून पाच पावलं उलट्या बाजूला चालला आणि कपाटावर आदळला. “पाचच चाललो की,” म्हणाला. तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, “केवल मूल्याचं असंच असतं. अंतर बरोबर, जागा दोन.” तेव्हापासून पलंगाच्या दाराकडच्या कडेला त्यांनी दोरी बांधली आहे.

या खोल्या नोकरीबरोबर जाणार होत्या. मात्र निवृत्तीनंतर दोन वर्षं करारावर ठेवायचा प्रस्ताव वर गेला होता, कारण आकृत्या काढायला दुसरं माणूस नव्हतं. करार झाला तर खोल्याही दोन वर्षं राहणार होत्या. सहीच तेवढी व्हायची होती.

चहा पिताना त्यांनी सगळं सांगितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

“म्हणजे तू मुद्दाम काढलीस?” नवऱ्याने विचारलं.

“समजून काढली.”

“ते उत्तराचं पान मीच वाचलं होतं. आठवतंय मला. एक आणि सहा.”

“मग?”

“मग काय? सरांच्या प्रतीत एक आणि सहा, छापलेलं एक आणि सहा. प्रतीबरहुकूम. उत्तर खरं की खोटं ते बघायचा पगार मला नव्हता.”

“मलाही नव्हता.”

“बघ. आपलं दोघांचंही काम चोख होतं.” तो हसला, पण हसू लगेच विरलं. “करार होऊ दे. मग सांग त्यांना.”

“तोवर पान छापून होईल. पुढची दुरुस्ती आठ वर्षांनी.”

“किती गुण कापले होते त्या पोरीचे?”

“एक.”

“एका गुणासाठी दोन खोल्या. बाई, तुझा भाव फार चढा आहे.”

त्याने कप खाली ठेवायला हात पुढे केला. टेबल जिथे असायला हवं होतं तिथेच होतं.

“सांगायचंच असेल तर सगळं सांग,” तो जरा वेळाने म्हणाला. “निम्मी दुरुस्ती फार वाईट दिसते. मी जन्मभर बघितलीय.”

दुसऱ्या दिवशी बाई गणिताच्या संपादकांकडे गेल्या. हे नवे, वयाने लहान, बाईंना ताई म्हणणारे. त्यांनी आकृती पाहिली, समीकरण पाहिलं, आणि दोन्ही हातांनी कपाळ चोळलं.

“ताई, एकवीस दिवस राहिले तुमचे.”

“वीस.”

“आकृती बदला गुपचूप. कारण लिहा, संगणकीकरण. कोणी बघणार नाही.”

“आणि उत्तर?”

इथेच घोडं अडलं. संगणकीकरणाच्या कागदाने फक्त आकृती बदलता येत होती. उत्तरातला एक काढायचा तर ‘आशयातील चूक’ हा वेगळा अर्ज लागतो. त्याला लेखकाची सही लागते. त्यात चुकीचं कारण लिहायचं असतं, जबाबदार कोण तेही लिहायचं असतं आणि तो अर्ज थेट मुख्याधिकाऱ्यांकडे जातो. करारावर सहीही त्यांचीच व्हायची होती.

“उत्तर एक आणि सहाच ठेवलं आणि आकृती एकदाच छेदणारी, तर पोरं काय समजतील?” बाईंनी विचारलं.

“पोरं आकृत्या बघत नाहीत, ताई.”

“एकीने बघितली होती.”

संपादकांनी खणातून कोरा अर्ज काढून दिला. “सरांकडे तुम्हीच जा,” ते म्हणाले. “मला तिथे जायला तोंड नाही. मी त्यांचाच विद्यार्थी.”

सर शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात. बाईंनी दोन बस बदलल्या. दार सरांच्या बहिणीने उघडलं. “अर्धा तास,” ती म्हणाली. “मग ते झोपतात, कोणी असो नसो.” सर खिडकीजवळ खुर्चीत होते, गुडघ्यांवर शाल, हातात काही नाही. त्यांनी बाईंना आवाजावरून ओळखलं नाही, हातावरून ओळखलं. अंगठ्याच्या नखावरून.

“आकृतीबाई. या. काय चुकलं?”

बाईंनी पुस्तक उघडून पुढे ठेवलं आणि पेन्सिल दिली. सरांनी उदाहरण वाचलं, ओठ हलवत. मग पुस्तकाच्या समासात बारीक अक्षरांत लिहायला लागले.

“दोन्ही बाजूंचा वर्ग. क्ष अधिक तीन बरोबर क्ष वर्ग, वजा सहा क्ष, अधिक नऊ. इकडचं तिकडे. क्ष वर्ग, वजा सात क्ष, अधिक सहा. एक आणि सहा. बरोबर आहे की.”

“किमती घालून बघा ना.”

“सहा घातलं. नवाचं मूळ तीन. सहा वजा तीन, तीन. ठीक. एक घातलं. एक अधिक तीन, चार. चाराचं मूळ दोन. उजवीकडे एक वजा तीन...” पेन्सिल थांबली. “उणे दोन.”

त्यांनी त्या उणे दोनभोवती गोल केला.

“वर्ग केला की उणे दोनचेही चार आणि अधिक दोनचेही चार,” सर म्हणाले. ते बाईंना सांगत नव्हते. “वर्ग केला की दोघांमधला फरक बुजतो, म्हणून आगंतुक उत्तरं आत शिरतात. म्हणून शेवटी मूळ समीकरणात घालून बघायचं. हे मी याच पुस्तकात लिहिलंय.”

“पान ब्याऐंशीवर,” बाई म्हणाल्या. “चौकटीत आहे. चौकट मीच काढली होती.”

“पुढच्या पानावर केवल मूल्याचं एक आहे ना, दोन्ही उत्तरं खोटी निघतात आणि कोन व रेघ भेटतच नाहीत ते?”

“आहे. ते बरोबर आहे.”

“म्हणजे ते तपासलं होतं. हे राहिलं.” त्यांनी पान पुन्हा जवळ घेतलं. “पण बाई, आकृती काढताना तुम्हाला दिसलं असेल.”

बसमध्ये बाईंनी या प्रश्नाची तीन उत्तरं तयार केली होती. पाटीचं, गाडीचं, आणि सर गावाला गेल्याचं.

“दिसलं,” त्या म्हणाल्या.

“मग खालचा अर्धा?”

“मी जोडला. उत्तराशी जुळावा म्हणून. तुम्ही परत आल्यावरही बोलले नाही. नंतर एका शिक्षिकेचं पत्र आलं, त्यालाही गोलमोल उत्तर पाठवलं.”

सर आकृतीकडे बघत राहिले. “जोडलाय मात्र बेमालूम,” ते म्हणाले. “शिकवायला उभा राहिलो असतो तर मीही फसलो असतो. आणा तो अर्ज.”

सही करायला त्यांना वेळ लागला. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘उत्तराचा पडताळा घेतला नाही.’ जबाबदारच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि पेन बाईंकडे सरकवलं. अर्धी ओळ मोकळी होती. ‘खालचा अर्धा माहीत असून काढला,’ बाईंनी लिहिलं आणि सही केली. सर तोवर डोळे मिटून बसले होते. बहिणीने खुणेनेच दार दाखवलं.

अर्ज वर गेला. चार दिवसांनी दुरुस्ती मंजूर होऊन खाली आली. कराराची फाइल मात्र खाली आली नाही. संपादक दोनदा वर जाऊन आले. “विचाराधीन आहे, ताई,” ते म्हणाले, आणि हे सांगताना ते दारावरच्या पाटीकडे बघत होते.

शेवटच्या आठवड्यात बाईंनी कपाटातून पान चौऱ्याऐंशीचा जुना पारदर्शक कागद काढला. छपाईला तो आता लागणार नव्हता, पण मूळ प्रत दुरुस्त करून ठेवायची असा नियम आहे, आणि हा नियम त्यांना पटत होता. त्यांनी नवं पातं काढलं, त्याचा कोपरा टेकवला आणि खालचा अर्धा खरवडायला घेतला. अकरा वर्षांची शाई भुकटी होऊन निघत होती. घाई केली तर कागद फाटतो. दुपार गेली. अंगठ्याच्या नखाने घासून झाल्यावर कागद उजेडात धरला, तर शाई नव्हती, पण वक्र जिथून गेला होता तिथे कागद जरा पातळ दिसत होता. त्या वाटेने उजेड जास्त येत होता. त्याला आता इलाज नव्हता. त्यांनी कागद पाकिटात घातला, शिक्षिकेचं पत्र त्याच पाकिटात ठेवलं आणि त्या शिक्षिकेला नवं पत्र लिहिलं. हेही एका ओळीचं: ‘तुमच्या वर्गातल्या मुलीचं बरोबर होतं, चूक माझी.’ शाळेचा पत्ता जुना होता. पोचलं की नाही, कळलं नाही.

तीन महिन्यांनी खोल्या सोडाव्या लागल्या. नवं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, एकच मोठी खोली, कोपऱ्यात ओटा. सामान लावून झालं त्या संध्याकाळी बाई पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. नवी आवृत्ती टपालाने आली होती.

“वाच,” नवरा म्हणाला.

“काय वाचू? गणित आहे.”

“चौऱ्याऐंशी वाच.”

त्यांनी समीकरण वाचलं, मग वर्ग, मग इकडचं तिकडे. तो मान हलवत ऐकत होता, जुन्या सवयीने स्वल्पविरामसुद्धा ऐकत होता.

“एक घातल्यास दोन्ही बाजू समान येत नाहीत, म्हणून एक हे उत्तर नाही. उत्तर सहा.”

“आणि आकृती?”

“एकदाच छेदते.”

“बरं.” तो उठला. पलंगाची कड चाचपली. दोरी अजून बांधलेली नव्हती. “ओटा किती म्हणालीस?”

“मोजला नाही अजून.”

तो निघाला. एक, दोन, तीन. सहाव्या पावलाला त्याचा हात भिंतीला लागला. बाईंनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि त्याच्या मागोमाग मोजत गेल्या.

“डावीकडे दोन,” त्या म्हणाल्या. “पुन्हा पहिल्यापासून करा. तपासून घेऊ.”